एका वावाची जागा

माझी बायको गितल म्हणते, चूक सापडली नाही तर माझा दिवस वाया जातो. तिचं बोलणं मला झोंबतं, कारण ते खरं आहे. जेरुसलेममधल्या ग्युला भागात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर, मी बत्तीस वर्षं खिडकीपाशी बसून लोकांच्या अक्षरांतल्या चुका काढतोय. दाराच्या चौकटीवर लावायची गुंडाळी असो, नाहीतर आम्हा ज्यूंचा अख्खा धर्मग्रंथ, तोराह. कुठे दोन अक्षरं एकमेकांना चिकटली असली, कुठे एखाद्याचं शेपूट आखूड राहिलं असलं, की मला ते लगेच दिसतं. मग मी गप्प बसत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी माणसं मला पाहून रस्ता ओलांडतात. उरलेल्या निम्म्यांचं अक्षर चांगलं आहे.

ऑगस्टमध्ये एक दिवस रूमिया मदमोनी जिना चढून आली. पन्नाशीची बाई, पेशाने नर्स, आवाज असा की पेशंटने निमूट गोळी गिळावी. तिच्या हातात पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आमच्या प्रार्थनागृहातल्या ग्रंथाची शिवण उसवलीय," ती म्हणाली. "हे एक पान सुटून आलंय. कडेची चार-सहा अक्षरं उडालीत, ती भरून द्या. बाकी कशाला हात लावू नका, असं आबांनी बजावलंय."

"आबा म्हणजे?"

"माझे वडील, मारी सालेम. खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडलेत, नाहीतर तुमच्याकडे कशाला आले असते? आमच्यातले लिहिणारे दोघंच उरलेत. एक हे, आणि दुसरा मुलीकडे परदेशी जाऊन बसलाय."

मारी म्हणजे येमेनहून आलेल्या ज्यूंचे गुरुजी. सालेम मदमोनींचं नाव मी ऐकून होतो, पण त्यांचं काम कधी पाहिलं नव्हतं. येमेनी ग्रंथ माझ्याकडे येतच नसत. आम्ही पोलंड-लिथुआनियाकडचे, आमचं चर्मपत्र पांढरं, लेखणी पिसाची. चादर उघडली तर आत तपकिरी, जाड, अख्ख्या कातड्याचं पान. अक्षरं बोरूने लिहिलेली, बुटकी आणि रुंद, मांडी घालून ऐसपैस बसल्यासारखी. हे मारींच्या वडिलांनी येमेनमधल्या त्यांच्या गावी लिहिलेलं, असं रूमिया म्हणाली. मनात नसतानाही मी म्हणालो, "हात चांगला आहे."

"आबांना सांगते. जीव भांड्यात पडेल त्यांचा," ती म्हणाली आणि गेली.

पान सुरू होत होतं नोआह नावेतून कबुतर सोडतो तिथून. उडालेली अक्षरं मी दोन दिवसांत भरली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सबंध पान समोर आहे आणि मी ते पुस्तकाशी ताडून बघत नाही, असं कसं होईल? मी ओळ न् ओळ बघत गेलो. पूर ओसरला, द्राक्षाचा मळा लागला, नोआह दारू प्यायला, आणि शेवटी ते वाक्य आलं. आपल्या बोलीत सांगायचं तर माझ्या पुस्तकात तिथे 'नोआहचे सगळे दिवस भरला' असं आहे, एकवचनात. कानाला खटकतं, पण तसंच आहे आणि तसंच वाचायचं. ह्या पानावर मात्र 'भरले' होतं. मूळ भाषेत हा फरक शब्दाच्या शेवटच्या एका अक्षराचा. त्याचं नाव वाव: एक उभी रेघ आणि वर इवलंसं डोकं.

एक अक्षर जास्त असलेला ग्रंथ वाचायला चालत नाही. सत्तर-ऐंशी वर्षं ही माणसं चुकीचा ग्रंथ वाचताहेत आणि कुणाच्या लक्षात नाही, असा विचार करून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी पातं घेतलं, वाव खरवडून काढला, जागा घासून गुळगुळीत केली. दहा मिनिटांचं काम. त्या रात्री मी जेवताना गुणगुणत होतो, असं गितल अजून सांगते.

सण आटोपले. दर शनिवारी तोराहचा एक ठरलेला भाग वाचतात; त्यातला नोआहचा शनिवार जवळ आला, तशी त्या आठवड्याच्या रविवारी मी पान घेऊन नखलाओत भागात मारींच्या घरी गेलो. मारी सालेम चाकाच्या खुर्चीत बसले होते. शहाऐंशी वर्षांचा काटकुळा माणूस, पांढऱ्या दाढीत हिरवा पाला चघळत होता.

"या, रेब फायविश," ते म्हणाले. "कातड्याला घाम फोडणारे ते तुम्हीच ना?"

"लोक काहीही बोलतात, मारी."

"चांगलं बोलतात हो. आमच्याबद्दल तर कुणी तेवढंही बोलत नाही. रूमिया, कॉफी आण, आलं जास्त घाल. ह्यांच्यात कॉफी म्हणजे गरम पाणी."

मी टेबलावर पान पसरलं, माझ्याकडे तोंड करून. त्यांच्याकडे फिरवणार, तेवढ्यात पलीकडून ते वाचायलाच लागले. चालीत, न अडखळता, उलट्या बाजूने.

"उलटं कसं काय वाचता?" मी विचारलं.

"गावात पुस्तक एक आणि आम्ही पोरं नऊ. ज्याला जी बाजू मिळाली ती त्याची. मला वरची मिळाली. सुलटं वाचायला मी मागाहून शिकलो, आणि अजून तेवढं जमत नाही."

ते वाचत राहिले. भरलेल्या अक्षरांपाशी मान डोलावली, म्हणजे काम पसंत पडलं होतं. मी खुशीत ऐकत होतो. मग शेवटचं वाक्य आलं, आणि त्यांचा आवाज थांबला. तोंड उघडं, पण शब्द पुढे सरकेना. आधी मला वाटलं, त्यांना काहीतरी झालं.

"इथे माझ्या बापाचं एक अक्षर होतं," ते म्हणाले. "कुठे गेलं?"

"ती चूक होती, मारी. एक वाव जास्त होता. मी काढला."

हे म्हणता म्हणताच मला आठवलं. विशीत शिकत असताना आमच्या गुरुजींनी एकदा जाता जाता सांगितलं होतं, की येमेनच्या ग्रंथांत मोजक्या ठिकाणी एखाददुसऱ्या अक्षराचा फरक आहे आणि तो त्यांच्याकडे बापापासून मुलाकडे चालत आलाय. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आता मी कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला.

रूमिया दारात उभी होती. "हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मारी रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडायला मी कधीही तयार असतो. पण ते पुढे वाकले आणि खरवडलेल्या जागेकडे बघत राहिले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते.

"मला एक सांगा, रेब फायविश. खरंच विचारतोय, टोमणा नाही. आदामचे दिवस तुमच्यात काय होतात?"

"भरले."

"मतुशेलहचे?"

"भरले."

"मग बिचाऱ्या नोआहनेच काय केलं? साडेनऊशे वर्षं जगला, आणि तुम्ही त्याला एकवचनात घातलंत."

"एकटा नाही," मी म्हणालो. वाद सुरू झाला की मला धीर येतो. "त्याच्या पणज्याचे, हनोखचेही दिवस 'भरला' आहेत. आणि लेमेखचे. तुमच्याकडे बघा, असणारच."

"आहेत, आहेत. आणि लेमेख कोण? नोआहचा बाप. म्हणजे तुमचा नोआह बापावर गेला."

"आणि तुमचा?"

"आमचा बापाच्या पुढे गेला." ते खुदकन हसले. "दोन्ही घरांत असं होतं. माझे दिवस भरतील तेव्हा मात्र 'भरले' म्हणा हं. एकवचनात मारू नका मला."

रूमियाला हसू आलं नाही. ती म्हणाली, "आबा, गोड बोलून काय होणार? ह्यांना सांगा ना." आणि मग तिनेच सांगितलं. आजोबा नोआहच्या आठवड्यात वारले. तेव्हापासून, म्हणजे चौसष्ट वर्षं, ह्या शनिवारी ह्या ग्रंथातला हा भाग मारी सालेमच वाचतात. प्रार्थनागृहाच्या समितीत आता तरणी पोरं आलीत. त्यांना जड तपकिरी ग्रंथ नको, नवा हलका हवाय. अक्षर गेलंय हे कळलं की ती ग्रंथ कपाटात ठेवतील, आणि कपाटातून तो परत निघेल तो पुरण्यासाठीच. निकामी झालेला ग्रंथ आमच्यात माणसासारखा पुरतात.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "आत्ता लिहितो. एका अक्षराला किती वेळ लागतो?"

मारींनी पेला उचलला. हात असा थरथरत होता की थोडी कॉफी बशीत सांडली. ते मला दिसावं म्हणूनच उचलला असावा. "मला तर जमणार नाही," ते म्हणाले. "तुम्हीच लिहाल. पण लिहिण्याआधी तोंडाने म्हणावं लागतं ना, की हे मी तोराहच्या पावित्र्यासाठी लिहितोय? तेव्हा तुमच्या मनात काय असेल?"

त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

"मनात असेल, ही येमेनी लोकांची चूक आहे, म्हाताऱ्याचं मन राखायला लिहितोय. तशी काढलेली रेघ म्हणजे अक्षर नव्हे. डाग. आणि माझ्या बापाच्या पानावर मला डाग नको. त्यापेक्षा मोकळी जागा बरी."

"मग मी करू काय?"

"चार दिवस आहेत. विचार करा. पटलं तर या. नाही पटलं तरी या, आणखी आलं घालू."

जिना उतरताना मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू? माणूस चूक कबूल करतोय, दुरुस्त करतो म्हणतोय, आणि हे त्याच्या मनात डोकावणार. पण घरी येईपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला. कारण म्हातारा बरोबर होता. लेखनिक मनात एक आणि हातात एक ठेवून तर लिहीत नाही ना, हे तपासायचं काम खरं तर माझं, आणि बत्तीस वर्षांत मी ते एकालाही विचारलं नव्हतं. शेपटं मोजत बसलो.

सोमवारी मी कपाटातली सगळी जुनी पुस्तकं काढली. कुणी म्हणत होतं, ज्याने त्याने आपलं धरावं. कुणी म्हणत होतं, त्यांचंच जुनं आहे. वाचून शहाणपण आलं, पटलं काहीच नाही. मंगळवारी मी बाजारातून बोरू आणून तासले आणि त्यांच्या वळणाचा वाव गिरवायला लागलो. तो आमच्यापेक्षा बुटका, जाड, डोकं एका बाजूला कललेलं. पहिले शंभर बदकासारखे आले. बुधवारपर्यंत तीनशे झाले आणि हात बसला. मन मात्र होतं तिथेच.

गितल शेजारणीचा झगा मांडीवर घेऊन बाह्या आखूड करत होती. "काय रे, एक काठी दोन दिवस काढतोयस," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "ते अक्षर तिथे बरोबर आहे असं मला वाटतच नाही, तर मी काय करू?"

"तुला कुणी विचारलंय?" तिने दोरा दाताने तोडला. "ह्या झग्याचा गळा बघ. भयंकर आहे. मला बघवत नाही. म्हणून मी तो कापला का? तिने बाह्या दिल्यात, मी बाह्या करून देणार. गळा तिचा आहे."

मी बोरू खाली ठेवला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. जेवायला वाढ."

गुरुवारी सकाळी मी गेलो. मारी सालेम वाटच बघत होते. पान समोर पसरलेलं होतं.

"बोला. मनात काय आहे?"

"माझ्या पुस्तकात हे अक्षर नाही, आणि मी माझ्या लोकांसाठी लिहीन तेव्हा घालणार नाही," मी म्हणालो. "पण ह्या पानावर ते तुमच्या वडिलांनी लिहिलं होतं, आणि पान तुम्ही माझ्याकडे विश्वासाने ठेवलं होतं. ठेव जशी होती तशी परत करायची असते. हेही तोराहच सांगते. म्हणून तोराहसाठी लिहितोय असं म्हणताना मी खोटं बोलणार नाही. एवढंच पटलंय. चालेल का बघा."

स्वयंपाकघरात रूमियाने नळ बंद केला. तीही ऐकत होती.

"पूर्ण पटलं म्हणाला असतात तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं," ते म्हणाले. "लिहा."

मी बोरू काढला आणि सरावाचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. कौतुकाची अपेक्षा होती, लपवत नाही. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेले, उलटे धरले, सुलटे धरले.

"अगदी माझ्या वडिलांचा वाव," ते म्हणाले. "किती काढलेत?"

"तीनशे."

"छान. आता हे ठेवून द्या आणि तुमची लेखणी काढा."

"माझी? मारी, ती पिसाची आहे. माझं वळण वेगळं. अख्ख्या पानात तो एकटा उपरा दिसेल."

"दिसू दे. त्यांचं अक्षर काढून तुम्ही त्यांचंच दुसरं बसवलंत, तर ती खोटी सही झाली. ते गेलेत, ते परत येऊन लिहिणार नाहीत. लिहिणारे तुम्ही आहात. शब्द आमचा असू दे, वळण तुमचं."

"उद्या कुणी विचारलं, हा वाव कुठून आला?"

"विचारू दे ना. मला जे काही येतं ते विचारल्यामुळेच येतं. न विचारता जे येतं त्याचं काय होतं ते आपण पाहिलं."

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी पिसाची लेखणी काढली, शाईत बुडवली, तोंडाने म्हणायचं ते म्हटलं. मग डोकं काढलं, पाय खाली ओढला, आणि झालं. तपकिरी कातड्यावर, त्या रुंद बसलेल्या अक्षरांच्या रांगेत, माझा उंच सडपातळ वाव एकटा उभा होता. मारी पलीकडून उलट्या बाजूने बघत होते.

"शनिवारी हा भाग तुम्ही वाचायचा," ते म्हणाले.

"ती तुमची जागा आहे."

"चौसष्ट वेळा वाचलाय. हात शिकवाल तसा लिहितो, रेब फायविश. तोंडाचं काय ते मला ऐकायचंय."

शुक्रवारी मी पान शिवून दिलं. समितीच्या पोरांनी ग्रंथ उलगडून पाहिला, एकाने "हे काय?" म्हणून त्या वावाकडे बोट केलं, आणि मारींनी त्याला तासभर समजावलं. पोरगा घरी जाताना विचारत होता, बाकीच्या जागा कुठल्या.

शनिवारी सकाळी मी पायी नखलाओतला गेलो. त्यांच्यात ज्याला बोलावतात त्याने स्वतः वाचायचं असतं, आमच्यासारखा पगारी वाचक नसतो. आणि चूक झाली तर कुणी डोळ्यांवर कातडं ओढत नाही. मारींची खुर्ची वाचायच्या टेबलापलीकडे, माझ्या समोर लावली होती. माझ्या बाजूला तिला वळायला जागा नव्हती. त्यांच्या हातात ओळीवरून फिरवायची चांदीची दाखवणी होती. माझं नाव पुकारलं गेलं, मी वर गेलो आणि वाचायला लागलो. दोन दिवस तयारी केली होती. मळा गेला, दारू गेली, मुलगे गेले. आवाज चांगला लागला होता. मी जरासा फुशारलो, आणि पन्नास वर्षांची सवय असलेलं तोंड आपलं आपण पुढे धावलं.

"नोआहचे सगळे दिवस भरला."

"भरले." सगळं प्रार्थनागृह एका आवाजात गरजलं. म्हातारे, समितीची पोरं, पुढच्या बाकावरची चिल्लीपिल्ली, आणि वर बायकांच्या सज्जातून रूमियाचा तो गोळी गिळायला लावणारा आवाज. मला घाम फुटला. वाटलं, झालं, म्हाताऱ्याला तोंड ऐकायचं होतं, ऐकलं त्याने.

मी वर पाहिलं. मारी सालेम हसत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते. सगळ्यांनी मागितलं होतं ते अक्षर त्यांच्या बापाचं होतं, आणि पानावर ते होतं. त्यांनी थरथरत्या हाताने दाखवणी पुढे केली आणि पलीकडून, उलट्या बाजूने, बरोबर त्या जागी टेकवली.

"काय हो," ते हळूच म्हणाले, "स्वतःचं अक्षर वाचता येत नाही?"

मी खाली पाहिलं. तो तिथे उभा होता, पिसाच्या लेखणीचा, माझ्या हातचा. मी वाक्य पहिल्यापासून घेतलं, आणि ह्या वेळी पाठ म्हटलं नाही, वाचलं.

"नोआहचे सगळे दिवस भरले."

"हं," मारी सालेम म्हणाले. "पुढे."